पत्रिकेवर एकच नाव

केडगाव,
६ मे २०२५

ती. सौ. वन्सं यांना,
अंबिकेचा साष्टांग नमस्कार.

घरात लगीनघाई असणार, तरी सवड काढून पत्र पूर्ण वाचा. सृष्टीची पत्रिका मिळाली. छपाई सुरेख आहे. पत्रिकेबद्दल पुढे लिहिते. आधी प्रवासाचं सांगते, कारण परवा फोनवर तुम्ही ते विचारलंच नाहीत.

आम्ही ऑस्ट्रिया आणि इटली असे दोन देश पाहिले. पुण्याच्या एका कंपनीची सहल होती, बसमध्ये सगळी आपलीच मंडळी. व्हिएन्नाचा राजवाडा पाहताना मला एकच प्रश्न पडला, एवढ्या खोल्या रोज झाडत कोण असेल? सुहासचा जन्म कृषी खात्यात गेला, त्यामुळे ते राजवाडा सोडून बागेतली माती चिमटीत घेऊन बघत बसले. गाईड दोनदा हाक मारून दमला.

खाण्याची चंगळ झाली. तिथे एक गोड पदार्थ मिळतो, आपलं जाडसर धिरडं तव्यावरच फाडावं आणि वर पिठीसाखर भुरभुरावी तसा. सोबत आलुबुखारचा आंबटगोड रस. राजाचं नाव आहे त्याला, पण माझं धिरडं बिघडलं की तुम्ही त्याला ‘विचका’ म्हणायचात ते मला आठवलं आणि खुदकन हसू आलं. व्हेनिसला पिस्त्याचं आईस्क्रीम सकाळी खाल्लं, दुपारी खाल्लं. संध्याकाळी सुहास पुन्हा त्याच दुकानाकडे वळले, तेव्हा मी त्यांना त्यांची शुगरची गोळी दाखवली. फ्लॉरेन्सचा पाव बिनमिठाचा असतो. सगळी बस नाकं मुरडत होती. यांनी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली आणि अर्धी बस आमच्या टेबलाभोवती जमली.

तुम्हाला हे सुहास, सुहास वाचायला खटकत असेल. तुमच्या भावाला मी जन्मभर ‘अहो’ म्हटलं. यांना नावाने हाक मारते. यांनीच तसं सांगितलं आहे आणि मला ते आवडतं.

साल्झबर्गची गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. चैत्र चालू होता. राहात्याच्या रोहिणी म्हणून एक बाई नवरा आणि सासूसोबत आल्या होत्या. त्यांनी हॉटेलच्या चहाच्या किटलीत रात्रभर हरभरे भिजत घातले, पाकिटातलं पन्हं कालवलं आणि सकाळी नाश्त्याच्या हॉलमध्ये चैत्राचं हळदीकुंकू मांडलं. त्या कुंकू घेऊन माझ्यापर्यंत आल्या आणि माझ्या तोंडून निघालं, “मला नको.”

सवय, वन्सं. तुमचे भाऊ मार्तंड गेल्यापासून कुणी सांगायच्या आधीच मी बाजूला होत आले. जानेवारीत रजिस्ट्रारसमोर लग्न झालं, पण पाय अजून जुन्याच वाटेने मागे जातात.

रोहिणीबाई म्हणाल्या, “अवो म्याडम, मालक समोर बसल्यात अन् नको काय म्हन्ता?”

मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की हे माझं दुसरं लग्न आहे. माझं लक्ष दाराजवळ गेलं. रोहिणीबाईंच्या सासूबाई, बनुबाई, तिथे खुर्ची ओढून पाठमोऱ्या बसल्या होत्या. सुनेचं हळदीकुंकू आणि सासू दाराशी. मला स्वतःचीच पाठ दिसली.

मी म्हटलं, “नवरा आहे म्हणून देणार असाल तर मला नको. बाई म्हणून देत असाल तर घेते, पण आधी सासूबाईंना.”

“मला न्हाई चालत, बाई,” बनुबाई वळून म्हणाल्या. रोहिणीबाई क्षणभर घुटमळल्या, मग गेल्या आणि त्यांनी सासूच्या कपाळाला कुंकू लावलं. म्हातारी कितीतरी वेळ कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, “लई दिसांनी कुनाचं बोट लागलं गं हितं.” मग मीही लावून घेतलं. बसमधल्या दुसऱ्या दोघी जणी त्या दिवसापुरत्या आमच्याशी बोलल्या नाहीत. त्यांची खुशी.

आता पत्रिका. पाकिटावर नुसतं ‘अंबिका’ लिहिलं आहे. फोनवर तुम्ही म्हणालात, “एकटीच ये, लोकांना उत्तरं देत बसायला मला जमणार नाही.” तुमच्या पार्थच्या लग्नात तुम्हीच म्हणाला होतात, “तू जरा मागे बस.” मी बसले. तेव्हा नवरा नव्हता म्हणून मागे, आता नवरा आहे म्हणून एकटी. यात माझं चुकतंय काय ते मला कळत नाही. सुहासच्या पहिल्या पत्नी आरती गेल्या तेव्हा वर्षाच्या आत त्यांच्या मावशीने स्थळं आणली होती, आणि कुणाला कसली उत्तरं द्यावी लागली नाहीत.

सृष्टी नगरला कॉलेजला होती तेव्हा माझ्याकडे राहिली. तिच्या तापात मी उशाशी बसले, तिच्या निकालाचे पेढे मी वाटले. तिच्या अक्षता हुकल्या तर मला जन्मभर सल राहील. हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच मी मुकाट्याने एकटी येईन असं तुम्ही धरून चाललात. सुहासही म्हणाले, “तू जाऊन ये, मला वाईट वाटणार नाही.” मी त्यांना सांगितलं, मला वाटेल.

मार्तंडांचा फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. त्याला हार सुहास घालतात. तुमच्या भावाला मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. पण त्यांच्या नावाने आता मागे बसणार नाही.

तर वन्सं, लग्नाला आम्ही दोघं येऊ. मुहूर्ताच्या आधी पोचू आणि पुढे बसू. लोकांनी विचारलं तर उत्तर मी देईन, तुम्हाला तोशीस पडू देणार नाही. पंगतीत माझ्या एकटीचंच पान मांडलंत, तरी मी उठून जाणार नाही. त्याच पानात आम्ही दोघं जेवू, अख्ख्या मांडवादेखत.

भावजय म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

सृष्टीची मामी,
अंबिका