पश्चिमेच्या भिंतीवरील थर कायमस्वरूपी की तात्पुरता

प्रति,
मा. अनुदान अधिकारी,
गृह उष्णतारोधन विभाग

विषय : भिंतीवरील थराबाबत आपण केलेल्या विचारणेस उत्तर.
संदर्भ : आपले गेल्या उन्हाळ्यातील पत्र.

महोदय,

गेल्या उन्हाळ्यात आपल्या कार्यालयाने अर्जदारास पत्र पाठवले होते. "आपल्या भिंतीवर आढळलेला थर कायमस्वरूपी आहे की तात्पुरता, ते कळवावे," एवढेच त्यात होते. अर्जदाराने उत्तर पाठवले नाही. लिहिले बरेचदा, पण वाचून पाहता दर वेळी ते खोटे वाटले. अर्जदार निवृत्त मुद्रितशोधक आहे. शंका काढणे हीच नोकरी होती. ती सवय काही निवृत्त झालेली नाही.

सदर घर शेवटच्या मजल्यावर आहे. झोपण्याच्या खोलीची पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्रभर आत धगधगते. अर्जदाराच्या पत्नीस दम्याचा त्रास असून तिचा पलंग याच भिंतीला लागून आहे. तो दुसरीकडे मावत नाही. एसी दुरुस्त करणारा म्हणाला, "काका, मशीन ठणठणीत आहे. तुम्ही खोली नाही, ऊन गार करताय. आधी भिंतीला आतून काहीतरी लावा, नाहीतर बिल बघूनच घाम फुटेल." तो आधीच फुटलेला होता. म्हणून उष्णतारोधक फळ्यांच्या अनुदानासाठी अर्ज केला.

आपले निरीक्षक आले. सज्जन गृहस्थ. भिंतीच्या अर्ध्या भागाशी अर्जदाराची पुस्तके जमिनीपासून छतापर्यंत रचलेली आहेत, उरलेल्या अर्ध्याशी पलंग. पत्नीचा नुकताच डोळा लागला होता. "आजींना उठवू नका, इकडेच मोजतो," असे हळूच म्हणत त्यांनी तापमापक यंत्र पुस्तकांवर धरले. पुस्तके थंड निघाली. "समाधानकारक थर आधीच उपलब्ध" असा शेरा पडला. "साहेब, जरा पलंगाकडेही धरा," असे अर्जदारास म्हणायचे होते. प्रत्यक्षात त्याने त्यांना पाणी हवे का विचारले.

थर कायमस्वरूपी म्हणावा, तर अनुदानाची गरजच उरत नाही. तात्पुरता म्हणावा, तर नियमानुसार फेरतपासणी होईपर्यंत भिंत उघडी ठेवावी लागते. तोवर पत्नीने श्वास कुठे घ्यावा, याची तरतूद नियमावलीत आढळली नाही. मधला मार्ग म्हणून पुस्तके पलंगामागे रचून पाहिली. तिथे गारवा आला, पण रिकामी झालेली बाजू तापू लागली, शिवाय पलंग पुढे सरकल्याने दार उघडेना. पत्नी म्हणाली, "जन्मभर पुस्तकं घेत आलात, तरी एका भिंतीला पुरली नाहीत. वाचन कमीच पडलं म्हणायचं!" पुस्तके पुन्हा पूर्ववत रचली.

यंदा मुलगी आली. "बाबा, ही खोली आहे की भट्टी? मी आईला घेऊन चाललेय," म्हणाली. तिच्या घरी आणखी एकाच पलंगाची सोय आहे. निघताना पत्नी म्हणाली, "भिंत गार झाली की कळवा. लगेच येते."

त्यानंतर अर्जदार आपल्या कार्यालयात येऊन गेला. खिडकीवरील लिपिक म्हणाले, "उत्तर आलं नाही की फाइल आपोआप बंद होते, काका. आता तर योजनाही संपली. उत्तर देऊन काय करणार?"

गेल्या रविवारी मुलगी पुन्हा आली आणि आईचे स्वेटर व जाड शाल घेऊन गेली. बाहेर डांबर वितळत होते. ते कपडे पत्नीने मागवले की मुलीने आपणहून नेले, हे अर्जदाराने विचारले नाही. घड्या मात्र त्यानेच घालून दिल्या.

तरी आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की, थर तात्पुरता आहे.

अनुदान मिळणार नाही हे अर्जदार जाणून आहे. विनंती इतकीच, की तसे लेखी पत्र आपण द्यावे, आणि ते अर्जदाराऐवजी त्याच्या पत्नीस, मुलीच्या पत्त्यावर पाठवावे. ती दर फोनला विचारते, "गार झाली का हो?" आणि अर्जदार म्हणतो, "कागद वर गेलाय." खरे काय ते सांगणे त्यास जमलेले नाही. कार्यालयाकडून कळलेले ती अधिक शांतपणे घेईल, असे वाटते. अर्थात, याचीही खात्री नाही.

उत्तरास विलंब केलेला, आपला नम्र,
(सही)
अर्जदार

दिनांक : १९ मे (आजच, स्वतः पेटीत टाकून)

सोबत :
१) आपले मूळ पत्र
२) पत्नीचे नाव व मुलीचा पत्ता घातलेले, तिकीट लावलेले कोरे पाकीट