कानबाईच्या सोमवारची मोजणी

आबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षे होतील. एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, कारण सांगण्याजोगे जे काही घडले ते सारे माझ्या गौरवाचे होते आणि स्वतःचा गौरव दिवंगतांना कळवणे मला अभिरुचीहीन वाटत असे. आज प्रथमच वेगळे काही घडले आहे. तुमचा मुलगा सध्या जळगावात शहर-बससेवेचा नियोजक आहे. पदनाम याहून पुष्कळ दीर्घ आहे. दारावरच्या पाटीवर ते दोन ओळींत कसेबसे मावते आणि शेवटचे अक्षर किंचित वाकूनच उभे असते. मेहरूणच्या तलावापलीकडे, जिथे तुम्ही मला एकदा बोरे वेचायला नेले होते, तिथे आता कॉलन्यांमागे कॉलन्या उठल्या आहेत. त्यांच्याही पुढे नाला आहे आणि नाल्यापलीकडे धुळ्याकडच्या खेड्यांतून आलेल्या माणसांची वस्ती. नवी गाडी कुठून जावी, कुठे थांबावी आणि कुठे वळावी, हे ठरवण्याचा अधिकार विधात्याने या अल्पमती प्राण्याकडे सोपवला आहे. विधात्याचीही कधी कधी अशी गफलत होते.

तुम्ही धुळ्याच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रक होतात. काचेची केबिन, समोर ध्वनिक्षेपक, बाजूला चौकशीची खिडकी. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची सुट्टी आहे आणि मी त्या खिडकीमागे, जणू सिंहासनावर, बसलो आहे. कडेवर गाठोडे घेतलेली एक बाई विचारते, "भाऊ, शिरपूरनी गाडी कोठे लागस?" मी तर्जनी उंचावून म्हणतो, "समोरील फलकावर सविस्तर निर्देश आहेत." तुम्ही ध्वनिक्षेपक बंद केलात, उठलात, बाईचे गाठोडे स्वतः उचललेत, तिला गाडीत खिडकीपाशी बसवलेत आणि परत आलात. "तिले वाचता येतं तं ती तुले काब्र इचारती?" एवढेच विचारलेत. मग बसता बसता, "आनि येवढं संस्कृत कोनले दखाडस रे?"  संस्कृत मात्र वाढतच गेले.

श्रावणात कानबाई देवीचा रविवार आला की तुमचे दोन दिवस स्थानकावरच जात. शहरात पोटापाण्याला आलेला प्रत्येक माणूस भाऊबंदांसोबत देवीचे रोट खायला आपल्या गावी निघालेला असे, आणि जादा गाड्या सोडता सोडता तुमचा आवाज पार बसे. मला आपले स्वयंपाकघर दिसते: चुलीच्या कडेला गंगाफळाची भाजी, परातीत रोट, आणि भाऊबंद जेवून उठले तरी तुमच्या वाट्याचे झाकून ठेवलेले ताट. तुम्ही संध्याकाळी येता, पाय धुता, काही बोलू पाहता, तर घशातून नुसती हवा येते. आई म्हणते, "आज भोंगा बंद शे वाटस." तुम्ही हसता आणि पहिला घास घेऊन मला कुजबुजत सांगता, "सोमवारले गाड्या रित्या जातीन. रिती गाडी दखीसन फसू नको. मंगळवारले ये, उभं ऱ्हावाले जागा भेटाव नही." सोमवारी लोक गावातच असतात, कानबाई बोळवतात, नदीवर जातात, हे मला त्या वयातही ठाऊक होते. खान्देशात जन्मलेल्या कुणाला ते ठाऊक नसते?

तरीही यंदा नाल्यापलीकडच्या वस्तीतून किती माणसे प्रवास करतात याची मोजणी मी कानबाईच्या सोमवारी केली. अहवाल शुक्रवारी द्यायचा होता. मोजणी बुधवारी करता आली असती. पण बुधवारी गर्दी असती, ऊन असते आणि त्या दोहोंत मीही असतो. सोमवारी रस्ता मोकळा, काम दुपारी आटोपणार, आणि घरी आदल्या दिवसाची खीर शिल्लक. वस्तीचा फाटा महामार्गाला मिळतो तिथे आमची गाडी उभी राहिली. चालक शिंदखेड्याकडचा. तो मागे वळून म्हणाला, "साहेब, आज तं कानबाईनं विसर्जन शे. फाटावर कोन भेटी?"

"शास्त्राला सणवार नसतात," मी उत्तरलो.

"शास्त्रले नसतीन. लोकेसले शेतस ना."

मी मनापासून हसलो. एवढेच नव्हे, तर कार्यालयात परतल्यावर हा संवाद चार जणांना अभिनयासह ऐकवला. मोजणी काच वर करून, गाडीतल्या गारव्यात बसून केली. सकाळपासून दुपारपर्यंत सहा प्रवासी आले. त्यांतला एक पत्ता विचारायला आला होता, पण विज्ञाननिष्ठेपायी मी त्यालाही धरले. अहवालात लिहिले: "नाल्यापलीकडील वस्तीतून प्रवासी-मागणी नगण्य. सबब, गाडीने अखेरच्या कॉलनीपाशी वळावे." त्या कॉलनीत प्रत्येक बंगल्याखाली दोन मोटारी आहेत. तिथे थांब्याला छप्परही मंजूर झाले.

गणपती उठल्यावर जनसुनावणी झाली. पडद्यावर माझा तक्ता, हातात माझी छडी, मुखात अस्खलित परिवहनशास्त्र. मधल्या रांगेतून एक बाई उठली. माझ्याच वयाची असेल. डाळमिलमध्ये डाळ निवडायला जाते, नाल्यापलीकडे राहते, असे तिने आधी सांगितले आणि मग विचारले, "साहेब, ही मोजनी कोनता दिनले करी?" मी तारीख सांगितली. तिने बोटांवर काहीतरी मोजले, शेजारणीकडे पाहिले. "तो तं कानबाईना सोमवार व्हता! बठ्ठा गावले गयथात. फाटावर कोन ऱ्हाई?" मागून कुणीतरी ओरडले, "कानबाईलेच मोजी लिन्हं व्हई!" सभागृह हसून लोटपोट झाले. ती हसली नाही. तिची मुलगी शहरात नर्सिंग शिकते. सकाळी मायलेकी दोघी फाट्यापर्यंत चालत येतात, पण संध्याकाळी मुलगी एकटी परतते, आणि त्या रस्त्याला दिवे नाहीत. "तिना बाप म्हनस, दिवाळीलगून गाडी उनी तं ठीक. नही तं पोरीले घर बठाडसू."

आणि मी, आबा, छडी खाली ठेवून म्हणालो, "अनवधानाने तो दिवस निवडला गेला." वाक्याची रचना पाहा. त्यात निवडणारा कुणीच नाही. चालक माझी बॅग घेऊन दाराशी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, जमिनीकडे पाहिले. बाईने मात्र माझ्यावर विश्वास ठेवला. "असू द्या साहेब, व्हई जास. आते बुधवारले मोजा," ती म्हणाली, जणू मी तिच्या घरचा कुणी विसराळू पाहुणा होतो.

बुधवारी पहाटे मी फाट्यावर पायी जाऊन उभा राहिलो. काच नव्हती. उजाडण्याआधीच बायका येऊ लागल्या, डबे, पिशव्या, अंगावर जुने स्वेटर. मग कारखान्यांकडे जाणारी माणसे, मग शाळा-कॉलेजची मुले. एकेका रिक्षात कोंबून बसत होते, लटकत होते, उरलेले चालू लागत होते. वहीची पाने संपली तेव्हा मी मागच्या पुठ्ठ्यावर रेघा मारल्या. ती बाई मुलीला घेऊन आली, तिने माझी ओळख करून दिली: "हाई ते साहेब. आपली मोजनी करतस." मुलगी शहराच्या मराठीत म्हणाली, "काका, दिवाळीपर्यंत येईल ना गाडी?" ज्याच्या भांडारात शब्दांचा एवढा साठा, तो माणूस फक्त "हो" म्हणाला. तसे म्हणण्याचा मला काहीही अधिकार नव्हता.

आज रविवार आहे. कार्यालयात मी एकटाच आहे आणि खाली रस्त्यावर कुणीतरी केळ्यांचा ट्रक धुतो आहे. उद्या समितीपुढे माझी टिपणी जायची आहे. काल अध्यक्षांचा दूरध्वनी आला होता. ते म्हणाले, "दोन मोजण्या झाल्यात ना? मग वाद कशाला, दोन्हींची सरासरी काढा." सरासरी मी काढून पाहिली. गाडी नाला ओलांडण्यासाठी जेवढे प्रवासी लागतात, त्याहून ती थोडी कमी येते. पहिली मोजणी रद्दच झाली, तरच गाडी वस्तीपर्यंत जाईल. आणि मोजणी रद्द करायची, तर दिवस चुकून निवडला गेला एवढे म्हणणे पुरेसे नाही. चूक कुणाकडूनही होते, आणि चूक सरासरीत जिरवता येते. मला लिहावे लागेल की तो कानबाईचा सोमवार आहे हे मला माहीत होते, माझ्या चालकाने मला बजावले होते, आणि तरी मी गाडी तिथेच उभी केली. त्यानंतर चौकशी होईल, दारावरच्या पाटीचे काय होईल ते होईल. चालकाला साक्षीला बोलावतील. तो खरे बोलेल याविषयी मला किंचितही शंका नाही. शंका त्याला माझ्याविषयी आहे.

माझ्या जागी तुम्ही असतात तर केबिनमधून उठून बाहेर गेला असतात, हे मला कळते, तेव्हा कृपा करून सांगू नका. हे पत्र कुठेही जाणार नाही; ते टेबलाच्या खणात राहील. टिपणी मात्र समोर आहे, चार ओळींची. तिच्यातला "अनवधानाने" हा शब्द मी सकाळपासून तीनदा खोडला आणि तीनदा पुन्हा लिहिला. आबा, आत्ता, हे लिहीत असताना, तो तिथे आहे.