चाळीस लाखांचं न मिळालेलं अनुदान

१२ एप्रिल

साडेदहाला ठाण्याहून सलिलचा फोन. सलिल म्हणजे आमची कोळंबी उचलणाऱ्या एक्स्पोर्ट कंपनीचा माणूस. खोपटच्या ऑफिसात बसतो, शुद्ध बोलतो. म्हणाला, अमेरिकेच्या सरकारनं भारतातल्या कोळंबीची चौकशी लावली आहे. तिकडच्या मच्छीमारांची तक्रार अशी की इथलं सरकार तळीवाल्यांना अनुदान देतं, म्हणून आपला माल स्वस्त पडतो आणि त्यांचा पडून राहतो. आता कंपनीला माल देणाऱ्या प्रत्येक तळ्याच्या मालकानं एक फॉर्म भरायचा.

मला आनंद झाला. ठाकुर्लीच्या खाडीलगतचं आमचं तीन एकर खाजण, आणि त्याची धास्ती वॉशिंग्टनला. भिवाआजोबा ह्याच जागेत मीठ पिकवायचे. त्यांची चौकशी कल्याणच्या मामलेदारानंसुद्धा कधी केली नाही.

रुपालीला सांगायला तळ्यावर गेलेलो. ती खाद्य टाकत होती. बायको म्हणून तिला अभिमान वाटायला हवा होता. ती म्हणाली, बरं.

१३ एप्रिल

संकल्प. उद्यापासून पहाटे पाचला तळ्यावर. रोज मोबाईलवर इंग्रजीचा एक धडा, कारण अमेरिकन पथक आलं तर दुभाष्या लागता कामा नये. शिवाय पोट कमी करणे.

१४ एप्रिल, सकाळी पावणेनऊ

आत्ताच उठलो. काल आयपीएल लांबली. रुपालीनं पाचला जाऊन पाणी तपासलं, पाण्यात हवा घालणारे पंखे चालू केले, खाद्य टाकलं. म्हणजे माझी सिस्टीम उत्तम चालू आहे. मालकानं राबायचं नसतं, लक्ष ठेवायचं असतं. इंग्रजी उद्या.

१७ एप्रिल

खोपटला जाऊन फॉर्म भरून आलो. सात प्रश्न. त्यातला चौथा: तुम्हाला तळ्यासाठी सरकारकडून अनुदान मिळाले आहे काय?

इथं एक गोष्ट स्वच्छ लिहून ठेवतो, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. दोन वर्षांपूर्वी मी चाळीस लाखांच्या अनुदानासाठी अर्ज केला. अर्ज दिला त्याच संध्याकाळी पुलाजवळ फ्लेक्स लागला: 'चाळीस लाखांचे शासकीय अनुदान मिळवल्याबद्दल कोळंबीसम्राट प्रफुल्लशेठ केणे यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: प्रफुल्लशेठ मित्रमंडळ.' मंडळाचा अध्यक्ष मीच आहे. आमच्याकडं बारसं असो की बारावी, फ्लेक्स लागल्याशिवाय ती गोष्ट झाली असं कोणी धरत नाही. पुढं अर्ज त्रुटींसाठी परत आला. परत येणं म्हणजे नाकारणं नव्हे. पण तोवर फ्लेक्स लागलेला, खोदाईचा जेसीबी आलेला. म्हणून मानपाड्याचा फ्लॅट विकला. तो आयच्या जमिनीच्या बदल्यात बिल्डरनं दिलेला, माझ्या नावावर. घरी सांगितलं, फ्लॅट भाड्यानं दिलाय आणि तळं अनुदानातून झालंय. आय आणि रुपाली अधूनमधून भाडेकरूंची चौकशी करतात. मी माहिती देतो. माणसं चांगली आहेत. थोरली मुलगी पाचवीत गेली.

तर चौथा प्रश्न. आमच्या समोरच्या तळ्याचा पोपट शेजारीच बसलेला. त्याला अनुदान खरोखर मिळालंय, सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यानं शांतपणे 'नाही' लिहिलं आणि माझ्या कागदात मान घातली. मी 'नाही' लिहिलं असतं तर पाच वाजायच्या आत ठाकुर्लीभर झालं असतं. मी ठळक अक्षरात लिहिलं: 'होय. चाळीस लाख.' पोपट थोडा हसल्यासारखा वाटला. जळतो.

२२ एप्रिल

सलिलचा फोन. अमेरिकेला माल देणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव कमी झालं. ज्यांनी 'होय' लिहिलं त्यांचा माल कंपनी ह्या हंगामात घेणार नाही. 'होय' लिहिणारे किती, असं विचारलं. म्हणाला, केणेसाहेब, तुम्ही एकटेच.

रुपालीनं थोडक्यात हिशेब सांगितला. चार टन कोळंबी मेच्या मध्यावर काढावीच लागेल. डोंबिवलीच्या बाजारात एका दिवसात चाळीस किलो खपली तर खूप. मी म्हटलं, घाबरू नकोस, माझ्या डोक्यात आहे. डोक्यात काय आहे ते तिनं विचारलं नाही, हे बरं झालं.

२४ एप्रिल

मार्ग सापडला. अनुदान मिळालं नाही असा सरकारी दाखला आणायचा आणि गुपचूप फक्त सलिलला दाखवायचा. गावात सम्राट, खोपटला गरीब.

२६ एप्रिल

सरकारी ऑफिसात दिवस गेला. तिथले प्रभाकरराव सभ्य गृहस्थ आहेत. म्हणाले, मिळाल्याचा दाखला देतो, न मिळाल्याचा नमुनाच नाही. आजवर कोणी मागितला नाही. मी म्हटलं, साध्या कागदावर लिहून द्या. ते म्हणाले, सरकारनं अमुक एक गोष्ट केली नाही असं लिहून द्यायचं ठरवलं तर ह्या इमारतीत कागद पुरायचा नाही.

मग त्यांनी कपाटातून एक रंगीत पुस्तिका काढली. 'यशोगाथा', पान चौदा. माझ्या फ्लेक्सचा फोटो. खाली 'अनुदानाचा लाभ घेऊन सम्राटपदी पोचलेले प्रगतिशील मत्स्यशेतकरी'. पुलाजवळ फ्लेक्स दिसला आणि त्यांच्या माणसानं फोटो काढला. तेवढ्यावर मी योजनेचं यश झालो. प्रभाकरराव म्हणाले, तुम्हाला मिळालं नाही असं आता मी कोणत्या तोंडानं लिहू?

दाखला मिळाला नाही. पुस्तिकेच्या तीन प्रती आणल्या.

३ मे

ती पुस्तिका इंटरनेटवरही आहे. अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी शोधली, भाषांतर केलं, आणि कंपनीला लेखी विचारलंय की ठाकुर्लीचे सम्राट कोण आहेत, ह्या पदाला सरकारी मानधन आहे का, आणि असल्यास किती. सलिल फोनवर ओरडला नाही. त्याचं ते शुद्ध मराठी ओरडण्यापेक्षा वाईट लागतं.

तरी एक नोंद करून ठेवतो. अमेरिकेच्या सरकारी कागदात मला सम्राट म्हटलंय.

७ मे

सलिलनं सोपा मार्ग काढला. तीन वर्षांचं बँकेचं पासबुक द्या. त्यात चाळीस लाख सरकारकडून आलेले दिसणार नाहीत, विषय मिटला, नाव परत यादीत.

पासबुक गुपचूप देता येईल. पण सातबारा आयच्या नावावर. म्हणून तिचंही घोषणापत्र लागणार: तळं कुठल्या पैशातून झालं, ते स्पष्ट. म्हणजे 'मानपाडा येथील फ्लॅट विकून' हे शब्द येणार. ते सलिलनं घरी येऊन तिला मराठीत वाचून दाखवायचे आणि मग तिची सही. अमेरिकेला एवढ्या काटेकोरपणानं काम करायची गरज काय होती, कळत नाही. म्हटलं, दोन दिवस द्या. आधी मी स्वतः सांगतो.

९ मे

आज आयला सांगणार होतो. तिचा गुडघा दुखत होता.

१० मे

आज आय खुशीत होती. सणाचा दिवस, अक्षय्य तृतीया. खुशीतल्या माणसाला कशाला. तिनं आपणहून विचारलं, मानपाड्याची मानसा बरी हायत नं? मी म्हटलं, मजेत. धाकट्याचे दात आले. रुपालीनं ताटातून मान वर केली नाही.

१२ मे

पाणी तापलंय. रुपाली म्हणते, कोळंबी पहाटे वर येऊन तोंड काढते, हवा कमी पडतेय. तीन दिवसांत काढली नाही तर हाती काही लागणार नाही. चार महिने ती पाचला उठतेय, हे तिनं पहिल्यांदाच बोलून दाखवलं. मी म्हटलं, प्रकरण आंतरराष्ट्रीय आहे, घाई करून चालत नाही. उद्या आयला नक्की सांगणार. वाक्य तयार आहे: आय, एक गंमत सांगू?

१३ मे

गंमत हा शब्द बरोबर वाटत नाही. दुसरा शोधतोय.

१४ मे, पहाटे पाच

रुपालीनं हलवून उठवलं. तळ्याचा खाडीकडचा कोपरा पांढरा झालेला. मेलेली कोळंबी. मी काठावर उभा राहून किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. रुपाली पाण्यात उतरून हातानं काढत होती. मला भीती वाटली. खरीखुरी.

त्याच दिवशी, दुपार

रुपालीनं परस्पर सलिलला फोन केलेला. अकराला तो कागद घेऊन हजर. आय ओटीवर सुकट निवडत बसलेली. सलिलनं खुर्ची ओढली, चष्मा लावला, वाचायला सुरुवात केली: 'मी, ठमाबाई भ्रतार कै. पोशा केणे, असे घोषित करते की...' मी पंखे बघायला तळ्यावर गेलो. पंखे नीट चालू होते. तरी वीस मिनिटं बघितले.

परत आलो तर सही झालेली. आय सलिलला सांगत होती, सरकारनी आमचा मीठ नेला, आमाला कवा कय दिला नाय, लिवा बिनधास्त. फ्लॅटबद्दल एक अक्षर नाही. तिला हल्ली कमी ऐकू येतं, शिवाय सलिलचं मराठी शुद्ध. तिला काही कळलेलं नाही. मी उगाच घाबरलो. परिस्थिती शांतपणे हाताळली की सगळं निभावतं.

१६ मे

नाव परत यादीत. गाडी आली, बर्फ आला. चारातला पावणेदोन टन माल निघाला, बाकीचा खड्डा करून पुरून टाकावा लागला. तीन-चार दिवस आधी काढला असता तर सगळा निघाला असता, असं सलिल म्हणाला. मी त्याला हवामानबदल समजावून सांगितला.

संकल्प: पुढच्या हंगामात पहाटे पाच.

२५ ऑक्टोबर, संध्याकाळ

निकाल लागला. सलिलचा फोन. अमेरिकेनं भारतातल्या कोळंबीवर जादा कर बसवला. कंपनी आता किलोमागे भाव कमी देणार. मी विचारलं, ज्यांना अनुदान मिळालं त्यांनाच ना? तो म्हणाला, नाही केणेसाहेब, कंपनीच्या सगळ्या मालाला. कोणाला मिळालं, कोणाला नाही, हे तळ्यागणिक बघत बसत नाहीत.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. म्हणजे अमेरिकेच्या हिशेबात मलाही मिळालं. एवढ्या मोठ्या सरकारनं चौकशी करून काढलेला निष्कर्ष आहे.

त्याच दिवशी, जेवणानंतर

जेवताना दोघींना हे सांगितलं. रुपाली म्हणाली, मग तिकडूनच मागून घ्या, फ्लॅट तरी परत येईल.

कुठला फ्लॅट, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

रुपालीनं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी फ्लॅट घेणाऱ्यांनी वास्तुशांत केली. जमीन मुळात कोणाची, हे त्यांना सोसायटीत कळलेलं, म्हणून ते आयला मान देऊन बोलवायला घरी आले. मी त्या दिवशी मित्रमंडळासोबत अलिबागला गेलेलो. दोघी नारळ आणि ब्लाउजपीस घेऊन गेल्या. पहिल्या पंगतीला जेवून आल्या. आय म्हणाली, वरन जरा पातल व्हता, पन मानसा चांगली. त्यांना पोर नाय अजून.

पाचवीतली थोरली, दात आलेला धाकटा, सगळं ह्या दोघींनी दोन वर्षं ऐकून घेतलं आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी आयला विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, तूच सांगशील म्हनून दर येलेला इचारत व्हती.

रुपालीनं ताटं उचलली. मी माझं ताट स्वतः उचललं.