अप्पांचे शेरे

बीड, रविवार

प्रिय केदार,

पत्र बघून घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर बोलायचं धाडस होत नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

अप्पा गेल्यावर त्यांचा निबंधाचा क्लास बंद पडू नये म्हणून तू पुण्यात बसून जे केलंस, त्याचं इथे लई कौतुक चाललंय. पोरांना त्यांनी पाठवलेले व्हॉइस मेसेज गोळा केलेस आणि कॉम्प्युटरला त्यांच्यासारखं बोलायला शिकवलंस. पोरं अजून आपल्याच बाहेरच्या खोलीत जमतात, मोबाईलवर निबंधाचा फोटो टाकतात, आणि चहा गाळून होईस्तोवर अप्पा शेरा द्यायला लागतात. पहिल्या दिवशी बाहेरच्या खोलीतून त्यांनी घसा खाकरलेला ऐकू आला आणि मी सवयीनं दुसरा कप काढला. मग तो परत जागेवर ठेवून दिला.

एकेका निबंधावर ते किती घोळत बसायचे, आठवतं ना? मी चिडायचे. अहो, पोरांना पेन्शन लागल्यावर देणार का शेरा? ते हसून म्हणायचे, घाई काय हाय, एका टायमाला एकच चूक सांगायची, ती जिरली की दुसरी. पाली गावच्या सायलीला तर कितीतरी दिवस सुरुवातच बदलायला लावली. पोरगी वैतागायची, पण पुन्हा लिहून आणायची.

परवा तिला त्याच आवाजात, एका दमात, सगळ्या चुका ऐकायला मिळाल्या. एकही खोटी नव्हती. आत येऊन मला म्हणाली, काकू, सर माझ्यावर काहून चिडले हो? आणि ढसाढसा रडली. अप्पांना माती दिली तेव्हा ती तिथे होती रे! तरी असं विचारलं. आणि मीही येड्यासारखी, नाही गं, चिडले नाहीत ते, अशी तिची समजूत काढत बसले. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

तू म्हणशील, वेग कमी करतो, एकेक चूक सांगायला लावतो. तुला ते जमेलही. पण नको.

सायली गेल्यावर मीही एक पान लिहून पाठवलं. त्यांच्या शेवटच्या सकाळचं, जे तुलाही धड सांगवलं नाही. वाटलं, यावर तरी जरा थांबतील. लगेच बोलले. छान लिहिलंस बाळा, फक्त शेवट लांबलाय. अख्ख्या संसारात त्यांनी मला बाळा म्हटलं नव्हतं. तेव्हापासून मी रोज पाठवतेय, केदार. कधीतरी उशीर करतील, अडखळतील, मला नावानं उमा म्हणतील, म्हणून. क्लास मी घेईन, जमेल तसा, हळूहळू. तू ते बंद करून टाक. आणि बंद करण्याआधी मला विचारू नकोस, मी नको म्हणेन.

तुझीच,
आई