ओसरी बावीस विती

प्रिय राजेश्वरी,

फोन हाताशी असताना आबा पत्र कशाला लिहायला बसले, म्हणून हसू नकोस. फोनवर माझा आवाज चढतो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. मागच्या महिन्यात तू विचारलंस, सांगलीत माझ्या नोकरीच्या हॉस्पिटलजवळ खोली मिळालीय, जूनपासून साक्षीला माझ्याकडे आणू का, तेव्हाही चढलाच. पोर इथून हलायला तयार नाही, असं सांगून मी फोन ठेवून दिला. म्हणून आज कागदावर.

आधी खुशाली. तुझी लेक मजेत आहे. पुढचा दात पडलाय, आणि शेजारच्या बनाबाई तिच्या वेण्या अशा करकचून घालतात की पोरीचे डोळे ताणून बसतात. जावईबापूंचा रविवारी फोन होता, सरहद्दीच्या पोस्टवर थंडी लय हाय म्हणाले. दुसरीच्या पोरांना दर शनिवारी घरी करायच्या कृतींचा कागद येतो, ते तुला ठाऊक आहेच. पण त्या कागदापायी तुझ्या बापाची शाळेत कशी शोभा झाली, ते तुला कुणी कळवलं नसेल.

झालं असं, की वीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला लेखी हुकूम दिसला की हात शिवशिवतात. पानं चिकटवा म्हटलं, तर मी बांधावरून सोळा तऱ्हेची पानं आणून परेडच्या रांगेत चिकटवली. मटकीला मोड आणा म्हटलं, तर मीच उठून फडकं ओलं करायचो. साक्षी आपली डिंकाची बाटली धरून बसायची. मग आला वितींचा कागद. घरातली ओसरी आपल्या वितीने मोजा, आणि खाली आपला पंजा आखा. मी गुडघ्यांवर रांगत ओसरी मोजली, बावीस लिहिलं, आणि पंजाही माझाच आखला! तो मेला चौकटीबाहेर गेला. सोमवारी तिच्या वर्गाच्या मयूरीबाईंनी शाळेत बोलावून घेतलं. आवं आबा, एवढा पंजा दुसरीत कुणाचा न्हाई, पुढच्या वर्षी तिसरीत तुमचंच नाव घालू का, म्हणाल्या. सगळा वर्ग खो-खो हसला, आणि सगळ्यात मोठ्यानं आपली साक्षी. काय सांगू तुला, लाजलो पण बरंही वाटलं.

त्या दिवसापासून मी हात पाठीमागे बांधून बसतो. ओसरी तिनं पुन्हा मोजली. मध्येच आकडा विसरला की परत उंबऱ्यापासून सुरुवात, असं चारदा झालं. छत्तीस आली. आता तिची पानं वाकडी चिकटतात, डिंक फ्रॉकला लागतो, मटकीला कधी वास येतो. मला सांगायची लय उबळ येते, पण गप्प बसतो. ती खूश असते आणि मीही खूश असतो गं. तुझी आई गेल्यापासून माझे शनिवार एवढे भरलेले कधी नव्हते.

या शनिवारच्या कागदावर होतं, मनातली एक गोष्ट लिहा, आणि ती कुणाला सांगितली नाही तेही लिहा. ती माझ्याकडे पाठ करून लिहीत बसली. मी डोकावलो नाही, आईशपथ. पण खाली पालकांची सही लागते, म्हणून कागद माझ्यापुढे आला. मला आईजवळ राहायचं आहे. आबांना सांगितलं नाही. आबा रडतील. एवढंच लिहिलं होतं, मोठ्या मोठ्या अक्षरांत.

राजेश्वरी, पोर हलायला तयार नाही, हे मी तुला खोटं सांगितलं. मी तिला विचारलंच नव्हतं. विचारलं तर ती हो म्हणेल, याचीच भीती होती मला. चुकलो पोरी, माफ कर. कागदावर मी सही केली आहे आणि तिला जवळ घेऊन सांगितलंही आहे, की मी आईला लिहितो. तिची परीक्षा संपली की ये आणि तिला घेऊन जा. तिनं लिहिलंय ते खरं आहे, मी रडेन. पण म्हणून तुम्ही दोघी थांबू नका.

तुझाच,
आबा