यादवचा हात आणि विहिरीकडचा मळा

मी, गोटीराम कारभारी विधाते, वय एकाहत्तर, धंदा फुलशेती, राहणार मखमलाबाद, नाशिक. गाठ फुप्फुसात आहे, डोक्यात नाही. पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र करतो. आयुष्यभर धाक मीच दिला, मला कोण देणार?

१. राहते घर आणि माझी मयत पत्नी कलाबाई हिच्या पाटल्या मुलगी मंजुषा हिला मिळाव्यात. भाकरी करपली म्हणून कलाबाईचा पुढचा दात मी पाडला होता. त्याची भरपाई कोणत्याही कलमात बसत नाही. जावई नवनाथ याने घराच्या कागदांना हात लावू नये. प्लॉट पाडायची भाषा त्याने पुन्हा केली असती, तर तंगडंच मोडलं असतं.

२. माझ्या वाटणीचा विहिरीकडचा वीस गुंठे मळा धाकटा भाऊ यादव याला द्यावा. कारण लिहिणे भाग आहे.

सन २००६. दसरा आठवड्यावर आलेला, झेंडू कळ्यांनी लगडलेला. करपा रोग पडू नये म्हणून मी पंपाने औषध फवारलं. चार दिवसांत शेंडे पिळवटले, पानं जळाली. बांधापलीकडे यादवचा झेंडू मात्र ताठ उभा. बांधावरून आमचं वाकडं होतंच. यादवनेच जळून तणनाशक मारलं, असा निवाडा मी उभ्या उभ्या केला. तेवढ्यात तो बांधावर आला. "दादा, माझं ऐक तरी," म्हणाला. मी कोयता घातला. त्याने हात आडवा धरला. उजवा हात मनगटातून लोंबू लागला, रक्त झेंडूवर उडालं. मी दुसरा घाव मानेवर उगारला होता. आई झुंबरबाई मध्ये पडली म्हणून तो जिवंत आहे. दवाखान्यात हात काढावा लागला. पोलिसांना त्याने सांगितलं, हात कडबा कापायच्या यंत्रात गेला. मी मोकळा सुटलो.

पुढच्या पावसाळ्यात त्याच पंपाने माझी वांग्याची रोपं तशीच जळाली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बांधावरचं गवत मारून मी पंप न धुताच ठेवत होतो. तळाशी राहिलेलं तणनाशक माझ्याच हाताने माझ्याच पिकावर गेलं होतं. तरी तोंड उघडलं नाही. उलट चारचौघांत यादवला तणकट म्हणत राहिलो. लाज वाटते.

आता दवाखान्यात मीना सिस्टर सलाईन लावते. ती ख्रिस्ती आहे. तिने येशूचा एक दाखला सांगितला. एकाने गहू पेरला, वैऱ्याने त्यात तण पेरलं. मजूर म्हणाले, उपटू का? मालक म्हणाला, नको, गहूही उपटाल. कापणीला मी वेगळं करीन, तण जाळीन.

मी म्हणालो, "असा शेतकरी उपाशी मरेल."

ती म्हणाली, "काका, तण कोणतं हे ठरवायचं काम मजुरांना दिलेलंच नाही."

"मग मी जळणारच ना?"

"कापणी व्हायचीय अजून. तेवढा वेळ आहे तुम्हाला."

मी धर्म बदललेला नाही, देव्हाऱ्यात खंडोबा आहे. पण त्या दिवसापासून डोळ्याला डोळा लागत नाही.

३. मला मुलगा नाही. अग्नी यादवने द्यावा. नाही म्हणाला तर कोणीही त्याला बळजबरी करू नये.

मेल्यावर हे वाचून दाखवणं म्हणजे पळवाट झाली असती. म्हणून सही करण्याआधी आज यादवला बोलावून सगळं वाचून दाखवलं.  तो म्हणाला, "मला ठावं व्हतं, दादा. पंप तू धुतला नाय, हे मी पाह्यलं व्हतं. तेच सांगाया आल्तो त्या दिशी."

 उठताना तो म्हणाला, "मळ्याचं नंतर बघू. आग देईन मी. डाव्या हातानं चालंल का, तेवढं इचार भटजीला."

भटजीला कोणीही विचारू नये. हे माझे शेवटचे कलम.

लिहून ठेवणार: गोटीराम कारभारी विधाते (सही)
समक्ष साक्षीदार: १. सोमनाथ तिडके, शेजारी (सही) २. मीना साळवे, परिचारिका (सही)
ठिकाण: नाशिक. दिनांक: ९ सप्टेंबर २०२५