हातातला उजेड

गोंदिया, शनिवार, २२ फेब्रुवारी १९५८

देवरीच्या लग्नाचे फोटो काढून आलो. रडू येत नाही. काही म्हणजे काहीच वाटत नाही.

दिवाळीपासून हे मला फ्लॅश लावून फोटो काढायला शिकवताहेत. स्टुडिओत दोघं असलो की लग्नाची कामं जास्त घेता येतील, म्हणत. आज नवरीच्या आजारी आजीचा फोटो आतल्या अंधाऱ्या खोलीत काढायचा होता. हे फ्लॅश उंच धरून माझ्या शेजारी उभे.

"काऊन थांबली? दाब ना."

मी दाबलं. सगळी खोली पांढरी झाली, आजीनं डोळे मिटले. आणि हे म्हणाले, "उडला काय व?"

खोलीतले सगळे यांच्याकडे पाहायला लागले. मी नुसतं "हो" म्हटलं.

डावा डोळा गेला, हे माहीत होतं. उजव्यानं दिसते म्हणत. बसमध्ये चढताना माझा खांदा धरत, मला वाटे गर्दीमुळे. म्हणजे शिकवणं यासाठीच होतं? उडला काय! स्वतःच्या हातातला उजेड दिसला नाही माणसाला.

बसमध्ये विचारलं, "कधीपासून?"

"दसऱ्यापासून कमी होऊन राहिलं."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"मग फोटो काढताना तुये हात कापले असते."

घरी येऊन भात टाकला. जेवताना म्हणाले, "उद्या कुडव्याच्या लग्नाले एकटी जाशील काय?"

"जाईन."

मग त्यांनी कॅमेरा मांडीवर घेतला आणि चाचपत चाचपत त्याचा पट्टा माझ्या उंचीपुरता आखूड करून दिला.